उकिरड्यावरची भाजी

रानातलं वेचून खाणारी माणसं शेतीकडं कशी वळली, हे मी धाराशिवच्या एका महाविद्यालयात गेली एकवीस वर्षं शिकवतोय. पोरांना त्यात फारसा रस नसतो. त्यातले निम्मे शेतकऱ्यांचे. शेतीतून बाहेर कसं पडायचं हे त्यांना हवं असतं, आणि मी सांगत बसतो आपण आत कसे शिरलो ते. तरी मी मन लावून शिकवतो. कोणी म्हणतं, हवामान कोरडं पडलं, माणसं आणि जनावरं उरल्यासुरल्या पाण्याकाठी गोळा झाली आणि तिथं शेती सुरू झाली. कोणी म्हणतं, खाणारी तोंडं वाढली, रान पुरेना, म्हणून पेरावं लागलं. आणखी कोणी म्हणतं, भुकेचा काही संबंध नाही, जेवणावळी घालून मोठेपणा मिरवायचा होता, त्याला धान्य लागलं. हे शेवटचं आमच्या भागातल्या पोरांना लगेच पटतं.

मला स्वतःला आवडायचा तो उकिरड्याचा सिद्धांत. माणसं वस्तीजवळ खरकटं, राख, घाण टाकायची. त्या कसदार ढिगावर टाकून दिलेलं बी आपोआप रुजायचं, दारातच वाढायचं. कोणीतरी, बहुतेक एखाद्या बाईनंच, ते पाहिलं, राखलं, आणि पुढच्या साली मुद्दाम टाकलं. इतकं साधं. "लेकरांनो, शेतीचा शोध उकिरड्यावर लागला," असं म्हणून मी दरवर्षी वर्गात हशा वसूल करायचो. आता ते वाक्य मी म्हणत नाही.

मी तेरच्या शिवारातला. लहानपणी पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, टेकाडावर पाऊस पडून गेला की खापरं आणि मणी वेचायचो, म्हणून या विषयात आलो, असं मी चारचौघांत सांगतो. खरं तर बारावीला मार्क कमी पडले होते. वडील गेल्यापासून आई मळ्यातल्या घरात एकटी राहते. शहरात तिचा जीव रमत नाही, आणि माझाही तिला आणण्याचा आग्रह कधी दोन वेळांच्या पुढं गेला नाही. ही गोष्ट घडली त्या वर्षी ती बहात्तरची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चाललेला, ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलेलं. माणूस दिसायचा, पण चेहरा दिसायचा नाही. आवाजावरून ओळखायची.

आई ऋषिपंचमी धरते. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा नेम. नांगरलेल्या रानातली ज्वारी नाही, गहू नाही, डाळ नाही. आपसूक उगवलेलं, नाहीतर परसात हातानं टोकलेलं, तेवढंच पोटात घालायचं. मी तिला दरवर्षी चिडवायचो.

"आई, आपल्याकडं बैल राहिलाय कुठं? सगळं ट्रॅक्टरनं होतंय. तुला आता पोळीसुद्धा चालंल."

"नांगर त्यो नांगर," ती म्हणायची. "वढणारा कोण का आसंना."

जगाच्या पाठीवरच्या वेचून खाणाऱ्या टोळ्यांबद्दल मी ढीगभर वाचलं होतं, आणि माझ्याच घरात एक बाई वर्षातून एक दिवस शेती सोडून वेचण्याकडं परत जात होती. हे माझ्या लक्षात यायला पंचेचाळिशी उलटावी लागली. लक्षात आलं तेव्हा मात्र मी हुरळून गेलो. पुढच्या महिन्यात एका चर्चासत्रात निबंध वाचायचा होता. वेचून खाणारी माणसं शेतकऱ्यांपेक्षा सुखी होती, दिवसातले थोडे तास वेचलं की त्यांचं भागायचं, असा एक विचार आहे. मी ठरवलं, ऋषिपंचमीला आईसाठी भाजी मीच वेचायची. घड्याळ लावून, वजन करून. अर्ध्या तासात एका माणसाच्या दिवसभराची सोय होते हे आकड्यानिशी दाखवायचं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या बाबतीत बैल तर नव्हताच.

बायको आणि मुलगी पुण्याला होत्या, मुलीची परीक्षा होती. मी एकटाच गाडी घेऊन तेरला गेलो. सकाळी आई आघाड्याच्या काडीनं दात घासून, अंघोळ, पूजा उरकून ओसरीवर बसली होती. मी टोपली आणि ताणकाटा घेऊन निघालो तेव्हा तिला हसू आवरेना.

"तू आणणार भाजी? कोथमीर आन् मेथीत फरक कळंना तुला."

"कळतो गं."

"तांदुळजा घे. कुर्डूचं कवळं शेंडं घे. घोळ दिसली तर घे. मूठभर बास झालं. निवडायला डोळं न्हाईत मला."

बांधावर थोडा तांदुळजा मिळाला, ओढ्याकाठी घोळ मिळाली. पंधरा मिनिटं गेली आणि टोपलीचं बूड झाकेना. सुखी माणसाचा निबंध धोक्यात आला. तेव्हा मला उकिरडा आठवला. गोठ्यामागं आमचा जुना उकिरडा आहे. जनावरं विकल्यापासून तिथं कोणी फिरकत नाही. पावसानं त्याच्यावर गुडघाभर हिरवळ माजली होती. तांदुळजा नुसता उसळला होता. त्याच्यात मिसळून दुसरी रुंद पानांची रोपं होती, वांग्याच्या रोपासारखी, कोवळी लुसलुशीत. मी त्यांना माठाचा कुठलातरी प्रकार समजलो. समजलो म्हणणंही खोटं आहे. मी काहीच समजलो नाही. माझं लक्ष घड्याळाकडं होतं. दोन्ही हातांनी ओरबाडत सुटलो. माझा आवडता सिद्धांत माझ्या आवडत्या जागी सिद्ध होत होता आणि मी शीळ घालत होतो.

टोपली भरली. काट्यावर सव्वा किलोला टेकली. मी आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली. नळाखाली भाजी धुतली, मुळ्या आणि पिवळी पानं काढली.

"निवडलीस व्हय रं?" आईनं विचारलं.

"हो, निवडली."

तिनं विळीवर सगळी चिरली आणि परसातल्या मिरच्या, मीठ घालून शिजवली. दुपारी ती एकटीच जेवली. मी आदल्या दिवशीचे मोदक आणि भाकरी खाऊन वहीत डोकं घातलं होतं. एका बाईचं एका दिवसाचं अन्न, वेळ अर्धा तास, असं काहीतरी. ती कशी जेवतेय, हे मान वर करून मी बघितलंसुद्धा नाही.

तासाभरानं तिनं पाणी मागितलं. तांब्याभर प्याली. परत मागितलं. जीभ टाळूला चिकटती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. मी म्हटलं, उपासानं होत असेल. मग ती म्हणाली, "आज लई उजेड दिसतोय रं मला. समदं लखलख करतंय."

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. पालेभाजीनं डोळ्याला बरं वाटत असेल असं मी मनात म्हटलं. ती नोंद करायला मी वही परत उघडली. ते पान मी नंतर फाडलं.

मान वर केली तर आईचा चेहरा लालबुंद झालेला. ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती आणि पदरावरून काहीतरी चिमटीनं उचलून शेजारी टाकत होती. पदरावर काही नव्हतं. परत उचललं, परत टाकलं. मुगाच्या शेंगा तोडाव्यात तसा हात चालला होता, भराभरा, न थांबता.

"आई, काय करतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे एवढे काळे मी कधी पाहिले नव्हते. बुबुळाचा रंग उरलाच नव्हता, नुसती काळी भोकं. आणि ती पदर सावरून, अगदी सभ्यपणानं म्हणाली,

"पाहुणं, बसा की. कुठलं म्हणायचं तुमी?"

आई मला चेहऱ्यावरून ओळखत नव्हती हे ठीक, पण मी तर बोललो होतो. माझा आवाज तिनं ऐकला होता. "आई, मी हाय गं मी," मी ओरडलो. ती दचकली आणि भिंतीकडं सरकली. तिला माझी भीती वाटत होती. तिच्या लग्नाआधीच वारलेल्या बहिणीला हाक मारून ती म्हणाली, "अगं इकडं ये, ह्यो कोण बाबा घरात शिरलाय बघ."

मी धावत शेजारच्या वस्तीवर गेलो. तिथं एक धनगर मावशी राहतात. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आईच्याच वयाच्या. धावताना चप्पल कुठं गेली कळलं नाही. मावशी आल्या, आईचं तोंड हातात धरून त्यांनी डोळे बघितले, कपाळाला हात लावला. अंग तापलेलं, पण घामाचा थेंब नव्हता.

"काय खाल्लं हिनं?"

"भाजी. मीच आणलेली. उकिरड्यावरची."

त्या तडक उठल्या. गोठ्यामागं गेल्या. मी आईचे हात धरून बसलो होतो. ते हात माझ्या हातातही शेंगा तोडतच होते. मावशी परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ते रुंद पानाचं रोप होतं, शेंडा माझ्याच ओरबाडण्यानं तुटलेला. त्यांनी पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. उग्र, मळमळवणारा वास.

"ह्ये बी घातलं व्हय भाजीत?"

"हो."

"धोतरा हाय ह्यो. मेंढरू तोंड लावत न्हाय ह्याला."

महाशिवरात्रीला मी लहानपणी धोतऱ्याची काटेरी फळं शोधून आणायचो. फूलही ओळखतो. पण फूल-फळ धरायच्या आधी ते रोप कसं दिसतं, हे मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. दूरदेशीच्या रानगव्हाच्या लोंबीत कुठला दाणा कसा गळतो हे मी फळ्यावर काढून दाखवतो. माझ्या बापाच्या उकिरड्यावर काय उगवतं ते मला ठाऊक नव्हतं.

आईला मागच्या सीटवर घातलं. मावशी तिला कवेत धरून बसल्या, हातात ते रोप तसंच. धाराशिवपर्यंतचा तो रस्ता मी हजार वेळा गेलोय. त्या दिवशी तो संपेना. गणपतीचे मांडव, रस्त्यात उभी माणसं, स्पीकर. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबली की मला वाटायचं, आता मागचा आवाज बंद पडणार. आई सारखी बोलत होती. शब्द लागत नव्हते. मध्येच तिनं दार उघडायचा प्रयत्न केला, मावशींनी हात आवळून धरला. मला तिचं बोलणं ऐकवत नव्हतं, आणि ती गप्प झाली की त्याहून भीती वाटत होती. "मावशी, श्वास चाललाय ना?" मी दर दोन मिनिटांनी विचारायचो. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "तू म्होरं बघून चालीव, लेका. न्हायतर तिघं बी जाऊ."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारली. काळी भोकं तेवढीच राहिली, उजेडानं तसूभर आकसली नाहीत. मावशींनी रोप पुढं केलं. बाईंनी ते एकदा बघितलं आणि भराभर सूचना द्यायला लागल्या. किती खाल्लं, त्यांनी मला विचारलं. सव्वा किलोतलं किती धोतऱ्याचं, हे मी सांगू शकलो नाही. अर्ध्या तासाचा हिशेब ठेवणारा मी, तेवढा एक आकडा माझ्याकडं नव्हता.

"वय जास्त आहे," त्या म्हणाल्या. "छातीचे ठोके फार वाढलेत. पोट धुतो. उद्या दुपारपर्यंत काही सांगता येणार नाही."

दार बंद झालं. मी बाकड्यावर बसलो. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या बाकड्यावर कळलं. बायकोला फोन लावला आणि ती "हॅलो" म्हणाल्यावर कापला. काय सांगणार होतो? आईला विषबाधा झाली, की आईला मी विष घातलं?

आणि तशात माझं डोकं शिकवत होतं. शिक्षकाचं डोकं मेलं तरी थांबत नाही. वेचून खाणारे सुखी होते, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. तांदुळजा खावा, घोळ खावी, ही यादी आपल्याला आयती मिळाली. ती यादी तयार कशी झाली? कोणीतरी आधी खाऊन बघितलं असणार. प्रत्येक खाण्याच्या पानामागं एक न खाण्याचं पान, आणि त्या पानामागं कोणाची तरी आई, पदरावरचं काहीबाही वेचत बसलेली. तिच्या पोरानं तिला कुठल्या दवाखान्यात नेलं असेल? त्यांची हाडं आम्हाला सापडतात, आम्ही दात मोजतो, उंची मोजतो, आणि तब्येत चांगली होती असं लिहून मोकळे होतो. भीती हाडात दिसत नाही. कदाचित माणसानं पेरायला सुरुवात केली ती भुकेपोटी नाही, मोठेपणासाठी नाही, तर घाबरून. आपल्या हातानं टाकलेलं बी निदान कशाचं आहे हे ठाऊक असतं. हे खरं की खोटं मला माहीत नाही. याला पुरावा नाही. तो निबंधही मी वाचला नाही. पण त्या बाकड्यावर बसून मला दुसरं कुठलंही कारण पटत नव्हतं.

मावशी संध्याकाळी परत गेल्या, त्यांची मेंढरं होती. जाताना म्हणाल्या, "चूक होती माणसाकडनं." मी मान हलवली. त्यांनाही मी सांगितलं नाही की आईनं विचारलं होतं, आणि मी निवडली म्हणालो होतो.

त्या रात्रीबद्दल एवढंच सांगतो, की मी देवाशी खूप खालच्या पातळीवर येऊन बोललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. आई झोपली होती. हात चादरीवर स्थिर होते. मी त्या हातांकडं किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग तिनं डोळे न उघडताच विचारलं, "कोण हाय?"

"मी, आई."

"आवाज का बसलाय तुझा? चा घेतलास का न्हाय?"

मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता धोका नाही. तरी पुढचे दोन दिवस मी तिला झोपू देईना. डोळा लागला की हाक मारायचो. ओळखते का बघायचो. शेवटी ती म्हणाली, "मरू दिलं न्हायस ते ठीक हाय, पर निजू तरी दे की."

चौथ्या दिवशी तिला मळ्यात घेऊन आलो. शहरातल्या माझ्या घरी यायला तिनं साफ नकार दिला होता, गौरी बसायच्या होत्या. दुपारी ओसरीवर ती भिंतीला टेकून बसली. मी समोर बसलो. चार दिवस जे सांगायचं राहिलं होतं ते बोलायचं ठरवलं होतं. बोलल्याशिवाय मला तिच्याकडं नीट बघता येणार नव्हतं.

"आई, मी त्या दिवशी खोटं बोललो. भाजी मी निवडली नव्हती. नुसत्या मुळ्या आणि पिवळी पानं काढली, पान पान बघितलं नाही."

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"पयल्या घासालाच कळलं. कडू जहर लागत हुती."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मग थुंकून का टाकली नाहीस? मला हाक तरी मारायचीस. मी समोरच तर होतो."

"तू लिवीत हुतास," ती म्हणाली. मग जरा रागानंच म्हणाली, "जल्मात पयल्यांदा लेकानं माझ्या उपासाला भाजी आणली. कडू लागली म्हणून टाकू व्हय?"

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला भीती वाटली, बाकड्यावर बसलो होतो तेव्हापेक्षा जास्त. विषाला उतारा होता, तो डॉक्टरीणबाईंकडं मिळाला. याला काय उतारा होता? ही बाई मी वाढलेलं काहीही खाईल. कडू लागलं तरी खाईल, कळलं तरी खाईल, ताट पुसून खाईल, आणि मला कळूसुद्धा देणार नाही.

ती भिंतीची टेक सोडून सरळ होऊन बसली. पुढ्यातली जमीन हातानं चाचपून तिनं ताटासाठी जागा केली.

"भूक लागलीया रं," म्हणाली. "काय हाय ते वाढ."

मला उठवेना.